बावन दरवाज्यांचा गेम

आमच्या शहराला वाट बघण्याचं वावडं नाही. नळाला पाणी कोणत्या वारी येणार, हे इथल्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक असतं. आणि त्या वारी ते आलं नाही, तरी तो ड्रमवर झाकण ठेवून शांतपणे कामाला निघतो. 'समांतर जलवाहिनी' हे शब्द कानावर पडत लहानाची मोठी झालेली पोरं आता स्वतःच्या पोरांना अर्ध्या बादलीत आंघोळ घालताना तेच शब्द पुटपुटतात. अशा मातीत वाढलेल्या माझ्या भाच्याने एका व्हिडिओ गेमला उशीर झाला म्हणून ताटावरून उठावं, हे काही घरच्या संस्काराला धरून नाही.

गेमचं नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो', लाडाने जीटीए. त्याचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आला, तेव्हा हा भाचा बालवाडीत डबा सांडत होता. सहाव्या भागाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, तोवर त्याला मिसरूड फुटलं होतं. ट्रेलरच्या शेवटी '२०२५' असं लिहिलं होतं. मग कंपनीने सांगितलं, २६ मे २०२६. मग सांगितलं, १९ नोव्हेंबर २०२६. दर तारखेला घरात सुतक.

"मामा, तेरा वर्षं काय करायलेत हो ते लोक?"

आमचे दाजी वाळूजला एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतात. त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक उशिरावर एकच औषध आहे. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिसरी शिफ्ट लावा म्हणावं. माणसं वाढवा. कसं होत नाही बघतो."

मला मात्र प्रश्न महत्त्वाचा वाटला. एखादं काम वर्षानुवर्षं का चालतं, याचा अभ्यास करायला आमच्या शहराइतकी सोयीची जागा दुसरी कुठे मिळणार?

२०१४ मध्ये लिझ इंग्लंड नावाच्या एका गेम डिझायनरबाईंनी छोटंसं टिपण लिहिलं. तुम्ही नेमकं काय काम करता, असं लोक विचारत. त्याचं उत्तर त्यांनी एकाच वस्तूवर दिलं : दार. तुमच्या गेममध्ये दारं आहेत का? ती उघडतात का? सगळी उघडतात, की काही नुसती शोभेची? शोभेचं कोणतं आणि कुलपाचं कोणतं, हे खेळणाऱ्याला कळणार कसं? माणूस आत गेला की दार मागे लागतं का? दोघं मिळून खेळत असतील, तर दुसरा आत येईपर्यंत दाराने थांबायचं का? आणि तो दुसरा आलाच नाही तर? एकेक प्रश्न साधा, पण एकेकावर बैठक. चित्रकाराची वेगळी, आवाजवाल्याची वेगळी, प्रोग्रॅमरची वेगळी. ही कथा एका दाराची.

आमचं शहर बावन दरवाज्यांचं म्हणून ओळखलं जातं. आता मोजायला निघालात तर बावन भरत नाहीत, ही गोष्ट निराळी.

समजा, कुणी आपल्या शहरावर गेम करायला घेतला. नायक रिक्षावाला. पहिली कामगिरी सोपी : भडकल दरवाज्यापाशी सवारी घ्यायची आणि बीबी का मकबऱ्याला सोडायची. भडकल दरवाजा मलिक अंबराने १६१२ मध्ये बांधलेला, उंच आणि दिलदार. त्याच्यापाशी गेमची कंपनीही फारशी अडणार नाही. घाटी रुग्णालयावरून पुढे आलं की खाम नदीचा पूल आणि त्यावर मकाई दरवाजा. इथे कंपनीची पहिली दोन वर्षं जातील.

दरवाज्याचं चित्र काढणं हे त्यातलं सर्वांत किरकोळ काम. दगड, त्यावरची काजळी, फाटका पोस्टर, कमानीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप. चित्रकार हे महिन्याभरात उभं करतो. पण ते दिसायला दगड असलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी धूर असतं. त्यातून रिक्षा सरळ आरपार जाते. म्हणून दिसणाऱ्या कमानीच्या जागी दुसरी, न दिसणारी, घट्ट कमान बसवावी लागते. ती बोटभर पुढे आली, तर रिक्षा हवेला आपटून थांबते. बोटभर मागे गेली, तर रिक्षाचं पुढचं चाक दगडात शिरतं आणि सवारी भिंतीतून बाहेर डोकावते.

हे जमलं की वाहतूक. खऱ्या मकाई दरवाज्यातून एका वेळी धड एकच मोठी गाडी जाते. इकडून विद्यापीठात निघालेली पोरं, तिकडून मकबरा बघून परतणारे प्रवासी, मध्ये टेम्पो. आधी कोण जाणार, हे इथे हॉर्न, डोळे आणि चेहऱ्यावरचा बेदरकारपणा यांवर ठरतं. कॉम्प्युटरला डोळ्यांची भाषा कळत नाही. त्याला नियम लागतो. म्हणून कंपनीचा एक बिचारा प्रोग्रॅमर वही घेऊन पुलाच्या कठड्याशी उभा राहील आणि तासाभराने लिहील : 'जो आधी घुसला, त्याचा रस्ता.' दोघं एकदम घुसले तर? आणखी निरीक्षण. 'दोघं एकमेकांना बोलतात. तेवढ्यात तिसरा निघून जातो.' प्रोग्रॅमर खूश होऊन नियम लिहितो, गेम चालू करतो आणि चहाला जातो. परत येतो, तो सगळ्या शहरातल्या रिक्षा इमानेइतबारे नियम पाळत, पुलापासून थेट गुलमंडीपर्यंत गच्च उभ्या. कारण नियमात प्रत्येकाने आधी घुसायचं होतं. मागे कुणी सरकायचं, हे लिहायचं राहिलं होतं. तपासणारे म्हणतात, ही चूक आहे. त्यांच्यातला पुलापलीकडच्या बेगमपुऱ्याचा मुलगा म्हणतो, यात चूक काय आहे?

मग शेळी. पुलावर शेळी नसेल तर कुणाचा विश्वास बसणार? पण शेळी आली की तिचे चार पाय आले, आणि गेममध्ये चार पाय उंचसखल रस्त्यावर नीट टेकवणं हे स्वतंत्र खातं आहे. शेळीला रिक्षा घासली तर काय, हा प्रश्न वयाची पात्रता ठरवणाऱ्यांपर्यंत जातो. कमानीखाली हॉर्न वाजला तर तो घुमला पाहिजे, बाहेर येताच घुमायचा थांबला पाहिजे. संध्याकाळचं ऊन कमानीतून तिरपं आलं पाहिजे आणि त्यात शेळीची सावली हलली पाहिजे. हे सगळं सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचं. म्हणजे एका चित्राला सोळा मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्यात दगड, ऊन, शेळी, हॉर्न आणि सवारीची कुरकूर, सगळं बसवा. बसलं नाही, तर गेम अडखळतो आणि भाचा म्हणतो, "लॅग मारायलाय."

सिनेमावाल्यांचं किती बरं असतं! त्यांनी गुलमंडीवर कॅमेरा लावला की इम्रतीची कढई, तिची वाफ, वाफेमागचा घामेजलेला हलवाई आणि इम्रतीवर बसायला निघालेली माशी, सगळं फुकटात येतं. गेममध्ये माशी आपणहून येत नाही. तिला पगारी माणूस आणून बसवतो. वाऱ्यालाही पगार, धुळीलाही पगार. जग निर्माण करताना ब्रह्मदेवाला जेवढं काम पडलं असेल, तेवढं इथे असतं. शिवाय ब्रह्मदेवाला दर तीन महिन्यांनी भागधारकांना हिशोब द्यायचा नव्हता.

जीटीए करणाऱ्या याच रॉकस्टार कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम २०१८ मध्ये आला. घोडे, बर्फ, जुनी अमेरिका. त्यात बर्फाळ भागात घोडा नेला की थंडीने घोड्याचे वृषण आक्रसतात. ही थट्टा नव्हे. जगभर गाजलेला तपशील आहे. म्हणजे कुठल्यातरी बैठकीत तो विषय निघाला, मंजूर झाला, कुणाच्या तरी नावावर ते काम चढलं आणि कुणीतरी ते तपासून 'बरोबर' अशी खूण केली. त्या माणसाला संध्याकाळी घरी 'आज ऑफिसात काय केलंस?' असं विचारल्यावर तो काय बोलला असेल, हे मला राहून राहून जाणून घ्यावंसं वाटतं.

हे दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग ट्रेलर कशाला काढायचा आधी? माल तयार नाही आणि जाहिरात!"

याचं उत्तर वेरूळला आहे. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. त्याची एक जुनी कथा सांगतात. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, की राजा बरा झाला तर शिवाचं मंदिर बांधीन आणि त्याचा कळस डोळ्यांनी पाहीपर्यंत जेवणार नाही. राजा बरा झाला. मंदिर पायापासून बांधायचं तर राणीचं काही खरं नव्हतं. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्याने डोंगर वरून खाली कोरायला घेतला. कळस आधी, देऊळ नंतर. राणीचा उपास सुटला.

ट्रेलर म्हणजे हा कळस. गेमच्या धंद्यात राणीच्या जागी पैसे घालणारे असतात; त्यांना काहीतरी दिसल्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून दीड मिनिटाचा कळस चकचकीत कोरून दाखवतात. राणी जेवते, टाळ्या पडतात, आणि कोकसाच्या माणसांचा उपास तिथून पुढे सुरू होतो. कारण खाली सगळा डोंगर तसाच असतो. पोलंडच्या एका कंपनीने 'सायबरपंक २०७७' ची घोषणा २०१२ मध्ये केली. २०२० या एका वर्षात त्याची तारीख तीनदा ढकलली. शेवटी १० डिसेंबर २०२० ला तो आणला, तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर त्याची अवस्था इतकी बिकट होती, की सोनीने आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला. कळस सुंदर होता. खांब अजून कोरायचे होते.

मात्र वेरूळच्या कारागिरांना एक सवलत होती, ती गेमवाल्यांना नाही. छिन्नी पडली की पडली. हत्तीची सोंड डावीकडे वळवली की ती शतकानुशतकं डावीकडेच. राजाला मध्येच वाटलं, की हत्तीऐवजी उंट बरा दिसेल, तरी डोंगर ऐकत नाही. गेममध्ये मात्र सगळं पुसता येतं, आणि जिथे सगळं पुसता येतं तिथे कुणीतरी वरिष्ठ येऊन पुसतोच. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' ची घोषणा १९९७ ची. पुढच्याच वर्षी कंपनीने आतलं सगळं इंजिन बदलायचं ठरवलं. गेम आला जून २०११ मध्ये. चौदा वर्षं. आधी ज्याची तोंड फाटेस्तोवर वाहवा केली तो गेम हातात आल्यावर लोक म्हणाले, हे जरा जुनाट वाटतं.

आणि जुनंच नव्याने करायचं म्हटलं तर? त्याचा नमुना मकाई दरवाज्यापलीकडे उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने आईसाठी, दिलरस बानूसाठी, मकबरा बांधला असं मानतात. खर्चाची नोंद सांगतात ती पावणेसात लाख रुपयांच्या आतबाहेरची. ताजच्या मानाने चिल्लर. मकबरा देखणा आहे, आमचा आहे, चांदण्यात तर बघतच राहावं. पण साडेतीनशे वर्षं झाली, तिकीट काढून आत आलेला पाहुणा पहिलं वाक्य तेच उच्चारतो : "ताजसारखाच आहे, नाही? पण…" त्या 'पण'पायी अख्खा मकबरा झिजला.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंवर असाच एक ताज नव्याने बांधण्याचं काम आलं होतं : 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम', मूळ गेम २००३ चा, मॉन्ट्रियलचा. सप्टेंबर २०२० मध्ये नव्या रूपाची घोषणा झाली. मराठी मुलखात तयार होणारा एवढा मोठा गेम म्हणून आमच्याकडेही कॉलर ताठ झाल्या. ट्रेलर आला आणि जगभरातून एकच सूर उठला : "मूळच्यासारखाच आहे, नाही? पण…" जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली. मार्चची बेमुदत झाली. २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये, पहिल्या ठरलेल्या तारखेला पाच वर्षं होता होता, कंपनीने गेमच रद्द केला. या गेमचा नायक खंजिराची कळ दाबून वेळ मागे फिरवू शकतो, ही त्यातली खरी गंमत. उडी चुकली, कळ दाब. खड्ड्यात पडला, कळ दाब. ही सोय फक्त राजपुत्रालाच होती. तो घडवणाऱ्यांना मिळाली असती तर वेगळं काही वाचायला मिळालं असतं.

लहान कंपनीला निदान 'पण' म्हणणारे कमी भेटतात, असं वाटेल. तिला वेगळेच भेटतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम केला. भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी, राजस्थानी वाडे, दुर्गा, विष्णू. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो पूर्ण झाला नाही. संस्थापकांपैकी एकीने फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. २०२० मध्ये गेम आला आणि जगातल्या नावाजलेल्या गेम पुरस्कारांत पहिल्या कलाकृतीच्या नामांकनापर्यंत पोचला. गेमसाठी फ्लॅट विकला, हे आमच्या घरात सांगितलं तेव्हा माझी बहीण भाच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर कुठल्याही चित्रकाराला सेकंदाला साठ वेळा रंगवता येणार नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' ची घोषणा २०२२ मध्ये केली, एक कोटीहून जास्त लोकांनी आधीच नाव नोंदवलं आणि मग ते सगळे ऑक्टोबर २०२४ पर्यंत "कधी?" असं विचारत बसले. एक कोटी भाचे. कल्पना करा.

दाजींचा तिसऱ्या शिफ्टचा आग्रह अजून कायम होता. त्यांना मी फ्रेडरिक ब्रुक्स ऐकवले. आयबीएममध्ये प्रचंड कामं हाकलेल्या या गृहस्थांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की उशीर वाढतो. दाजींना हे पटेना. पण स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "बरोबरच आहे. पापड लाटायला शेजारणी वाढल्या तर काम उरकतं. भाजीला वाढल्या, की जी येईल ती मीठ घालते." ब्रुक्स यांना एवढ्यासाठी पुस्तक लिहावं लागलं. मोठा गेम म्हणजे हजारोंनी माणसं आणि एकच भाजी. कुणीतरी रात्री उन्हाचा रंग किंचित बदलतो. सकाळी शेळी काळी ठिक्कर दिसते. शेळीवाला दिवसभर स्वतःची चूक शोधत बसतो.

ती शोधायला टेस्टर असतात. पुण्या-मुंबईकडे ही नोकरी आहे म्हटल्यावर आमच्या नात्यातल्या एका मुलाला सगळे म्हणाले, "मजा आहे, गेम खेळायचा पगार!" तो सांगतो, की त्याने आठवडाभर एकाच भिंतीला अंग घासत चालायचं काम केलं आहे. कुठे फट आहे का, हे बघायला. टेस्टरचा अहवाल साधारण असा असतो : 'सवारी बसत असताना गेम थांबवला, कंट्रोलरची वायर काढली, परत लावली, गेम सुरू केला, तर सवारी रिक्षाच्या टपावर दिसते. गांभीर्य : मध्यम.' वायर कोण कशाला काढेल, असं म्हणून चालत नाही. कंट्रोलर मध्येच सुटला तर गेमने थांबून तसं सांगितलंच पाहिजे, असा यंत्रवाल्या कंपन्यांचा नियमच आहे. वायर कुणीतरी काढणार. कुणाचं तरी बाळ, कुणाचं तरी मांजर. गेम विकला जातो लाखोंना, आणि लाखो लोक जे जे करू शकतात ते ते विक्रीआधी मूठभरांनी करून बघायचं. सवारी टपावर बसण्याबद्दल दाजी म्हणाले, "आमच्याकडं रोज बसतात. त्यात काय?"

एवढ्यात खरं शहर काही स्थिर उभं राहत नाही. आपल्या या काल्पनिक गेमचं काम २०१७ मध्ये सुरू झालं असं धरू. सगळ्या पाट्या एका नावाने रंगवून झाल्या आणि २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. पुन्हा सगळ्या दुकानांच्या, बसच्या, शाळांच्या पाट्या. बरं, सगळ्या बदलल्या तरी चूक. खऱ्या शहरात जुनी-नवी दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. मग किती टक्के जुन्या ठेवायच्या, यावर बैठक. रंगवलेलं दुकान रुंदीकरणात गेलं, नवा उड्डाणपूल ठरला, जुना खड्डा बुजला आणि पलीकडे सरकला. खड्ड्यांचं वेगळं खातं काढावं लागेल.

"लवकर केलेला एकपण गेम नाही का मामा?" भाच्याने काकुळतीने विचारलं.

आहे ना. १९८२ मध्ये अटारी कंपनीने 'ईटी' सिनेमावर गेम काढला. नाताळच्या बाजारासाठी हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रॅमरने तो पाच आठवड्यांत लिहिला. तारीख पाळली. न खपलेला माल कंपनीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात खड्डा खणून पुरला, आणि २०१४ मध्ये लोकांनी तो मुद्दाम उत्खनन करून बाहेर काढला. कामात घाई केली, की ते फार लवकर पुराणवस्तू होतं.

आपला रिक्षावाल्याचा गेमही होईल एकदाचा. शेळीचे पाय टेकतील, हॉर्न घुमेल, पाट्या योग्य प्रमाणात चुकीच्या होतील, आणि नऊ-दहा वर्षांनी तो बाजारात येईल. बेगमपुऱ्यातलं पहिलं पोरगं तो विकत घेईल, भडकल दरवाज्यापाशी सवारी बसवेल, पुलावर येईल आणि मकाई दरवाज्यातून दोन मिनिटांत पलीकडे निघेल. मग गेम बंद करून खाली लिहील : 'काहीही दाखवतात. एवढ्या लवकर कोण निघतं? एकच तारा.' अमेरिकेतली, जपानमधली माणसं त्याला दुजोरा देतील. त्यांनी पूल पाहिलेला नसेल, पण रागाला पुराव्याची गरज नसते. कंपनीत रात्री दिवे लागतील, प्रोग्रॅमर पुन्हा वही काढेल, तपासणारे पुन्हा भिंतींना अंग घासतील, आणि महिन्याभराने गेमची पहिली दुरुस्ती जाहीर होईल : 'खेळाडूंच्या सूचनेनुसार मकाई दरवाज्यावरची वाहतूक कोंडी वाढवण्यात आली आहे.'